मांडवीच्या जेटीवरून तोफेचा माग

रिक्षा मांडवीला पोचते तेव्हा भरती लागलेली असते. काळसर वाळू, भेळेच्या गाड्या आणि पाण्यात लांबवर शिरलेली जेटी. रत्नागिरीकर तिला अभिमानानं 'गेटवे ऑफ रत्नागिरी' म्हणतात. समुद्राकडे तोंड केलं की डाव्या हाताला भाट्याची खाडी. काजळी नदी इथंच समुद्राला मिळते. उजव्या हाताला रत्नदुर्गाची दीपगृहाची टेकडी.

शिवाजी महाराजांनी 1670 मध्ये घेतलेला हा किल्ला पुढे आंग्र्यांकडे आला. त्यांच्या गुराब जातीच्या जहाजांच्या नाळेवर तोफा असत, तशा किल्ल्यांच्या बुरुजांवरही. किनारा राखायचा तर दोन्ही हव्यात, हे या दर्यावर्दींना पुरतं ठाऊक होतं.

आता गस्त तटरक्षक दल घालतं. गोवा शिपयार्डनं बांधलेल्या त्याच्या 'समर' वर्गातल्या जहाजांवर 76 मिलिमीटरची तोफ बसली, ती मूळची इटलीतल्या ओटो मेलारा कंपनीची. भारतात ती हरिद्वारला 'भेल' ही कंपनी बनवते. माझगाव डॉकमधून उतरलेल्या 'कोलकाता' आणि 'विशाखापट्टणम' या विनाशिकांवरही हीच तोफ आहे. तिच्या घुमटात माणूस बसत नाही. डेकखालच्या फिरत्या कोठारातून सहा किलोंवर वजनाचे गोळे आपोआप वर चढतात. 1960 च्या दशकातल्या 'कॉम्पॅक्ट' नमुन्याचा वेग मिनिटाला 85 गोळ्यांचा, नंतरच्या 'सुपर रॅपिड'चा 120 चा. विमान, क्षेपणास्त्र, वेगवान होडी, किनाऱ्यावरचं ठाणं, सगळ्यांवर एकच नळी चालते. लहानशा क्षेपणास्त्र नौकेलाही ती पेलते, म्हणून देशोदेशीच्या आरमारांनी ती उचलली.

मग इटालियनांनी तिला जमिनीवर उतरवलं.

1980 च्या दशकात रणगाड्याच्या सांगाड्यावर ती चढवून 'ओटोमॅटिक' तयार झाली. कारण खरं होतं: हेलिकॉप्टरं आता दुरूनच रणगाडाभेदी क्षेपणास्त्र सोडत होती आणि छोट्या विमानविरोधी तोफा तिथवर पोचत नव्हत्या. पण जहाजाच्या पोटातलं कोठार गाडीला कुठून मिळणार? वजन गेलं 46 टनांच्या घरात, खर्चही तसाच, आणि शीतयुद्ध संपत आलेलं. एकाही सैन्यानं ती घेतली नाही. 2010 मध्ये आठ चाकांच्या 'चेन्तॉरो' गाडीवर 'ड्राको' नावानं तिचा पुन्हा प्रयोग झाला. कल्पना वाया जाऊ नये असं तिच्या कर्त्यांना वाटणं स्वाभाविकच होतं.

रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन घेऊन तटावर आलं की हिशेब आपसूक सुरू होतो. या तोफेचा पल्ला साधारण 16 किलोमीटर. ती इथल्या बुरुजावर असती, तर मांडवी, भाट्ये आणि थेट पावसपर्यंतचा किनारा तिच्या टप्प्यात आला असता.