ज्याचं जळतं

शंकर यांच्या 2010 च्या ‘एंदिरन’ या चित्रपटात चिट्टी हा यंत्रमानव आपल्या निर्मात्याच्या प्रेयसीला, सानाला, चावलेला डास शोधायला निघतो, तो प्रसंग हसवण्यासाठीच लिहिलेला आहे. कूवम नदीच्या काठावरच्या चेन्नईत डास हा घरोघरचा विषय. चिट्टी गटारापाशी जातो, डासांच्या थव्यात चौकशी करतो, नेमका तोच डास हुडकतो आणि त्याला तिच्यापुढे माफी मागायला लावतो. मला तिथे हसू येत नाही. ‘बहू हमारी रजनी कांत’सारख्या घरगुती मालिकेत रोबो सुनेची माया ही गंमत असते, पुढच्या भागात घर पुन्हा जागच्या जागी. ‘एंदिरन’मध्ये घर जागेवर येत नाही.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं आपण म्हणतो. चिट्टीचं आधी काहीच जळत नव्हतं. आगीत शिरून तो माणसं बाहेर काढतो, त्याला ज्वाळा लागत नाहीत. न्हाणीघरातल्या मुलीलाही तो तशीच उचलून सगळ्यांपुढे आणतो. ती लाजेने पळत सुटते आणि गाडीखाली जाते. त्याने जीव वाचवला होता. तिचं काय जळलं ते त्याला कळलंच नाही. म्हणून त्याचा निर्माता डॉ. वसीगरन त्याला भावना देतो. पण कशासाठी? यंत्राला मान्यता मिळावी म्हणून. तपासणीत उत्तीर्ण होण्यापुरतं मन. मग ते मन सानावर जडतं आणि पुढे लष्करी अधिकाऱ्यांसमोरच प्रेमाविषयी बोलू लागतं, तेव्हा तोच वसीगरन कुऱ्हाडीने त्याचे तुकडे करून कचऱ्यात टाकतो.

म्हण खरी मानली, तर बाहेरून कुणी कसं ठरवावं की चिट्टीचं जळलं की नाही? आणि शेजारच्या माणसाचं तरी? विचार करताना वाटलं, ही म्हण सोसणाऱ्याची. पण ती जास्त वापरतो बघणारा. तिऱ्हाइताच्या दुःखापाशी आलो की ‘ज्याचं जळतं’ म्हणायचं, मान हलवायची आणि पुढे जायचं. पुढे विचारायला नको. तरी ज्या बाईने पहिल्यांदा ती म्हटली असेल, तिला नेमकं उलटं हवं असेल: कुणीतरी थांबून विचारावं.

या चित्रपटाचे एक लेखक सुजाता, म्हणजे एस. रंगराजन, पेशाने इंजिनिअर. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असताना मतदानयंत्राच्या निर्मितीत त्यांचा मोठा वाटा होता. कुणाकडेही ओढा नसणं हाच त्या यंत्राचा सगळा गुण. बटण दाबा, मत नोंदवलं जाईल, मागे राग-लोभ नाही. आणि याच माणसाने ‘एन इनिय इयंदिरा’मध्ये जीनो हा पुस्तकं वाचणारा यंत्रकुत्रा लिहिला. दिवसा निर्विकार यंत्राच्या मागे असणाऱ्याला रात्री जीव लावणारं यंत्र का सुचावं? की निर्विकारपणाची किंमत त्यालाच नीट माहीत होती? 27 फेब्रुवारी 2008 ला चेन्नईत ते गेले; संवादांचं उरलेलं काम तेव्हा अण्णा विद्यापीठात शिकवणाऱ्या मदन कार्की यांनी हाती घेतलं. चिट्टीच्या तोंडचं कुठलं वाक्य कुणाचं, हे मला पडद्यावरून ओळखता येत नाही, आणि ते ओळखता यावं असं मला सारखं वाटतं.

निर्माता आणि यंत्र, दोघांचा चेहरा एकच: बंगळूरच्या मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत. त्यामुळे कुऱ्हाड चालते तेव्हा माणूस स्वतःवरच चालवतोय असं वाटतं. पण मग सानाचं काय? चिट्टीने तिच्या बहिणीचं बाळंतपण सुखरूप पार पाडलं म्हणून तिने त्याच्या गालाचं चुंबन घेतलं, यात तिचा गुन्हा कुठला? चिट्टीबद्दल कळवळा दाटला की तिचा नकार मला निष्ठुर वाटू लागतो, आणि तसं वाटणं बरोबर नाही, हेही पटतं. दोन्ही एकाच वेळी मनात राहतात.

शेवटी, कचऱ्यातून पुन्हा जोडल्या गेलेल्या चिट्टीने केलेल्या संहाराचा खटला चालतो, तेव्हा न्यायालय वसीगरनला निर्दोष सोडतं आणि चिट्टीला सुटं करण्याचा आदेश देतं. यंत्राला मन देणाऱ्याला मात्र, ते का दिलं, असं कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं होतं.