दाजीपूरच्या वाटेनें, सायकलीवरून

कोल्हापुरास आलेला पाहुणा पहिल्या दिवशीं अंबाबाईचें दर्शन घेतो, दुसऱ्या दिवशीं जोतिबा व पन्हाळा उरकतो, आणि तिसरा दिवस शिल्लक राहिलाच तर त्याला कोणी तरी सुचवितो, "दाजीपूरला जाऊन या, गवे दिसतील." मोटार ठरते, दोन-अडीच तासांत दाजीपूर येतें, पाहुणा कांच खालीं करून इकडे तिकडे पाहतो, गवा कांहीं दिसत नाहीं. सायंकाळीं घरीं येऊन "झाडी आहे, दुसरें कांहीं नाहीं," असा निकाल देऊन तो मोकळा होतो. आमच्या मतें हा दोष रानाचा नसून वेगाचा आहे. हाच प्रवास सायकलीच्या चालीनें केला तर वाटेवरचें प्रत्येक शिवार आपली ओळख देतें. आणि हमरस्ता सोडून आडरस्त्यास लागलें तर बराच वेळ पांखरांखेरीज दुसऱ्या कोणाचा आवाज कानीं येत नाहीं. अशा कांहीं रस्त्यांची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

सायकल या मुलखाला नवी नव्हे. १८८८ सालीं बेळगांवांत किर्लोस्कर बंधूंनीं आपल्या उद्योगाचा श्रीगणेशा केला तो सायकलींच्या दुकानानेंच. येथील भूमीची ठेवणही सायकलस्वारास अनुकूल आहे. सह्याद्रीची मुख्य रांग पश्चिमेस. तिच्या बाजूनें येणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्या एकत्र मिळतात आणि गुप्त सरस्वती जमेस धरून त्यांची पंचगंगा होते. गांवें नद्यांच्या आश्रयानें वसलीं आणि रस्ते गांवांना धरून गेले. तेव्हां एक नदी पसंत करावी आणि उगमाच्या दिशेनें चालूं लागावें, एवढेंच आपलें काम. नदीच्या खोऱ्यांतून जाणारा रस्ता चढतो खरा, पण एकदम दम काढीत नाहीं.

सरळ मार्ग भोगावतीचा. पुईखडी मागें टाकली कीं शहर सुटतें. हळदी, परिते हीं गांवें घेत रस्ता राधानगरीस पोंचतो. अंतर सुमारें ५० किलोमीटर. दुतर्फा ऊस, मधून मधून भाताचीं खाचरें. आणि हंगामांत एखादें गुऱ्हाळ चालू असलें, तर काहिलींतील रसाचा वास गुऱ्हाळ दिसण्यापूर्वींच स्वागतास येतो. मात्र याच हंगामांत उसानें भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग रस्ता अडविते. म्हणून पहाटे निघावें आणि उन्हें चढण्यापूर्वीं राधानगरी गांठावी.

राधानगरी हें नांव राजर्षि शाहू छत्रपतींच्या कन्येवरून पडलें. येथील धरणाची कल्पनाही महाराजांचीच. गादीवर आल्यावर थोड्याच वर्षांत त्यांना दुष्काळाशीं झुंजावें लागलें. पाण्याची कायमची सोय झाल्यावांचून शेतकऱ्याचें दुर्दैव टळणार नाहीं हें ओळखून त्यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हें काम हातीं घेतलें. १९२२ सालीं महाराज निवर्तले तेव्हां तें अपुरें होतें. पुरें झालें तें स्वातंत्र्यानंतर. पाणी ठराविक पातळीस येतांच माणसाचा हात न लागतां उघडणारे याचे सात दरवाजे आजही पावसाळ्यांत साऱ्या जिल्ह्याच्या बोलण्याचा विषय असतात. वाटेंत दिसलेल्या हिरव्या शिवाराचें मूळ या भिंतीपाशीं उमगतें.

फेजिवड्याच्या पुढें रस्त्याचें रूप पालटतें. एका बाजूस लक्ष्मी तलावाचें पाणी, दुसऱ्या बाजूस रान. चढणही आतां खरीखुरी सुरू होते. नवख्यानें येथें शरम न बाळगतां खालीं उतरून सायकल हातीं धरून चालावें. हा देवगड–निपाणी मार्ग असल्यामुळें कोंकणांत उतरणाऱ्या मालमोटारी येथून जातात. परंतु सूर्योदयाच्या सुमारास त्यांची वर्दळ बेताची असते. जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या दाट सांवलींतून जातांना वरच्या फांद्यांत पानें सळसळलीं तर थांबावें. आपला राज्यप्राणी शेकरू बहुधा तेथें असेल.

हें रान पूर्वीं करवीर छत्रपतींचें शिकारीचें राखीव रान होतें. १९५८ सालीं येथें गव्यांसाठीं अभयारण्य झालें आणि महाराष्ट्रांतील पहिल्या अभयारण्याचा मान दाजीपुरास मिळाला. १९८५ सालीं त्याचा विस्तार होऊन क्षेत्र सुमारें ३५१ चौरस किलोमीटर झालें. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशांतही त्याची गणना झाली. शिकार करण्यासाठीं राखलेलें रान शेवटीं शिकारीपासून वांचविण्यासाठीं राखलें गेलें, ही येथील इतिहासाची गंमत आहे. अभयारण्याच्या आंत जाण्यास वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यांत आंतील भाग बंद असतो. सायकलस्वारानें आंत शिरण्याचा हट्ट धरूं नये. त्याचें सुख भोंवतालच्या रस्त्यांवरच अधिक आहे.

ज्यांना याहूनही निवांत रस्ता हवा त्यांनीं परित्याहून राशिवड्याकडे वळावें आणि तुळशीच्या खोऱ्यांतून धामोडास जावें. तेथील तलाव लहान, पण डोंगरांच्या कुशींत बसलेला. कांठावर शिदोरी सोडण्यास याहून चांगली जागा शोधूनही सांपडणार नाहीं. सहकुटुंब जाणारांस आम्ही हीच वाट सुचवूं. दुसरी वाट दूधगंगेची. राधानगरीच्या दक्षिणेस काळम्मावाडीचें मोठें धरण आहे. त्याच्याकडे जाणाऱ्या फांट्यांवर एस. टी. गेली कीं पुढें शांतताच शांतता.

काळ कोणता निवडावा? पाऊस ओसरल्यानंतर ऊसतोडणी सुरू होईपर्यंतचे दिवस सर्वांत उत्तम. ओढे वाहते असतात आणि धूळ नसते. त्यानंतर माघ-फाल्गुन. या दिवसांत सकाळीं वारा पडलेला असतो आणि दुपारनंतर तो पश्चिमेकडून सुटतो. म्हणजे थकून परततांना तो पाठीशीं असतो. दोन दिवसांची सवड काढून राधानगरीस मुक्काम करावा, हें बरें. पंक्चर काढण्याचें सामान, पंप, भरपूर पाणी, आणि दशम्या व गुळाचा खडा एवढें जवळ असलें कीं चिंता नाहीं. गवा दिसलाच तर दूर उभें राहावें, घंटी वाजवूं नये, त्याची वाट अडवूं नये. हा प्राणी टनभर वजनाचा असला तरी स्वभावानें बुजरा आहे. माणसांचा गलका त्याला सोसत नाहीं. ९ डिसेंबर २०२० रोजीं पुण्यांत कोथरूडला वाट चुकून आलेल्या गव्याभोंवतीं गर्दी जमली, धांवाधांव झाली, आणि पकडला गेल्यावर तो मरण पावला, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणांत असेल. त्याचा अपराध एवढाच कीं तो आमच्या रस्त्यावर आला. आपण तर रोज त्याच्या रस्त्यावर जातों!

रानाकडेच्या एका गांवीं चहासाठीं थांबलों असतां एक वृद्ध शेतकरी आम्हांस म्हणाला, "अहो पावणं, गवा बघाय रानात कशाला जाताय? रातच्याला आमच्या उसात या की!" तो हंसला, आम्हीही हंसलों, पण त्या हंसण्यांत वर्षाच्या कष्टाची नासाडी होती. जी शांतता आपण सुटीच्या दिवशीं उपभोगण्यास येतों, तिची किंमत कोणी तरी रोज भरीत असतो. कोणाचें पीक गव्यांनीं तुडविलें, कोणाचें घर व जमीन धरणाच्या पाण्याखालीं जाऊन तीं कुटुंबें दूर नव्या वसाहतींत राहावयास गेलीं. पावसाळ्याच्या रात्रीं रस्ता ओलांडणारे बेडूक व साप भरधाव चाकांखालीं चिरडले जातात, तीही या किंमतींतच धरावयाचीं.

ही शांतता सायकल कांहीं परत देऊं शकत नाहीं. पण ती मोडीतही नाहीं, आणि वाटेवरच्या गांवांना चुकवून पुढेंही जात नाहीं. सायकलस्वाराला पाणी मागावें लागतें, वाट विचारावी लागते, झाडाखालीं बसावें लागतें. त्यांतूनच त्याला रान कळतें आणि रानाकडेचीं माणसेंही कळतात. आपल्या मुलांना सह्याद्रि नकाशावर दाखविणाऱ्या पालकांनीं येत्या सुटींत त्यांना एकदां धामोडापर्यंत तरी सायकलीवरून न्यावें. गवा दिसला नाहीं तरी चालेल. तो तेथें आहे, आणि आपण जपून गेलों तर पुढेंही राहील, एवढें मुलांना कळलें तरी फेरी सार्थकीं लागली असें समजावें.