आळ्याहून बोरीपर्यंत

पैठणास शुद्धिपत्र मागावयास गेलेलीं चार भावंडें नेवाशावरून आळंदीस परतत असतां, ज्याच्या मुखानें वेद वदविले तो रेडा वाटेंत आळ्यास निवर्तला व ज्ञानेश्वरांनीं त्यास तेथेंच समाधि दिली, अशी परंपरा आहे. ही दीर्घ वाट सबंध चालण्याचें आमचें वय उरलें नाहीं. म्हणून गेल्या कार्तिकांत तिच्यावरील आळें गांवाहून दक्षिणेस, कुकडीकांठच्या बोरी बुद्रुकपर्यंत, सुमारें तीन कोसांचा टप्पा नातवासह पायीं चाललों.

समाधीपुढें हात जोडले तेव्हां मनांत भक्तीहून लाज अधिक होती. तिचें कारण सांगितल्यावांचून पुढील हकीकत अपुरी राहील. आमची शिक्षकाची नोकरी तेव्हां नवी होती. मागल्या बांकावरील एका शेतकऱ्याच्या मुलास संस्कृत शब्द चालवितां येईनात. एके दिवशीं आम्हीं त्यास सर्वांदेखत ‘रेडा’ म्हटलें. मुलें हंसलीं. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत आला नाहीं आणि आम्हींहि त्याच्या घरीं चौकशी केली नाहीं. त्याच आठवड्यांत पैठणची कथा आम्हीं वर्गांत मोठ्या रसानें सांगितली होती!

उंसांत बिबट्या दबा धरून असतो, म्हणून जुन्नर तालुक्यांत पहांटेच्या अंधारांत निघण्याची सोय नाहीं. चांगलें उजाडल्यावर निघालों. आळेफाट्यावर एकमेकांस छेदणाऱ्या पुणें-नाशिक व कल्याण-अहिल्यानगर या हमरस्त्यांचा गलबला मागें राहिला. दुतर्फा ऊंस, मधून मधून टोमॅटोच्या बागा, आणि वाफ्यांत ओणवून कांद्याची रोपें लावणाऱ्या बाया. त्यांतील एका वृद्धेनें, “माउली, पाणी घ्या,” म्हणून कळशी पुढें केली. नांव नाहीं, गांव नाहीं. चालणारा तो माउली. आमच्या सर्व पदव्यांहून ही पदवी जड वाटली.

दुपारच्या आंत बोरीस पोहोंचलों. कुकडी पश्चिमेस पूर येथील कुकडेश्वराजवळ उगम पावते, येडगांवच्या धरणांतून खालीं येते आणि पुढें घोड नदीस मिळते. घोड भीमेस मिळते, आणि आळंदीची इंद्रायणी तुळापुरास भीमेंत आधींच मिसळलेली असते. म्हणजे बोरीचें पाणी व आळंदीचें पाणी एक होऊनच पंढरपुरास जातें. नातवानें लगेच ओंजळीनें पाणी नदींत सोडून, “हें आपल्याआधीं पोहोंचेल,” असें सांगितलें.

बोरीची ख्याति आणखी एका गोष्टीसाठीं आहे. येथील नदीकांठच्या घळींत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं येथें अश्मयुगीन दगडी हत्यारेंहि अभ्यासिलीं. राखेच्या वयाबद्दल विद्वानांत वाद आहे: कांहींच्या मतें ती सुमारें ७५,००० वर्षांपूर्वीं सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या स्फोटांतून उडून आली, कांहींच्या मतें ती त्याहून कितीतरी प्राचीन आहे.

ती दाखविली शेजारच्या शेतांतील एका गृहस्थानें. “राख बघायला आलात का गुरुजी?” म्हणत तो घळींत उतरला. “ही आपल्याकडची माती नव्हं. बोटांत चोळून बघा.” कोणता थर पाण्यानें वाहून आला, कोणता जागींच बसला, हें तो बोट ठेवून सांगत होता. शाळा किती झाली, असें विचारतां हंसून म्हणाला, “पाचवीतच सुटली.” आम्हीं मान खालीं घालून ऐकत राहिलों. त्या दिवशीं शिक्षक तो होता.

परततांना नातवानें विचारलें, “आजोबा, रेडा खरेंच वेद बोलला?”

“तें आम्हीं पाहिलेलें नाहीं,” आम्ही म्हणालों. “पण तो बोलणारच नाहीं असें आधींच ठरवून बसलेल्यांत आम्ही होतों.”

पुढचा टप्पा चालण्यापूर्वीं त्या विद्यार्थ्याचें गांव गांठावयाचें आहे. त्यानें आतां पन्नाशी ओलांडली असेल. भेटल्यावर काय बोलावें, तो पाठ मात्र अद्याप तयार नाहीं.