गोऱ्ह्याला जपतो, पोराला पळवतो

वाचकहो, तुमच्या दावणीला एखादा गोऱ्हा असेल तर घटकाभर त्याच्याकडे पाहा. उमदा आहे, अंगात रग आहे, दावे तोडू पाहतो. म्हणून तुम्ही त्याला दीड वर्षाचा असतानाच नांगराला जुंपाल काय? नाही. शेजाऱ्याने तसे केले तर उलट त्यालाच चार शब्द सुनावाल. गोऱ्हा दाती लागू द्यावा, आधी त्याला रिकाम्या जुवाची सवय करावी, मग मुरलेल्या बैलाच्या जोडीला हलक्या कामात घालावा, हे आपल्याला कोणी शाळेत शिकवलेले नाही. बापाने शिकवले. कोवळ्या खांद्यावर ओझे पडले तर खांदा सुजतो आणि एकदा बुजलेला बैल जन्मभर बुजतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे.

हे सारे ठाऊक असूनही मी माझ्या पोराच्या बाबतीत उलटे वागलो. ती हकिकत आज तुम्हांला सांगतो. सांगताना बरे वाटत नाही. पण तुमच्याही घरात एखादे पळणारे पोर असेल, म्हणून सांगतो.

आमचे गाव बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात. चार एकर कोरडवाहू जमीन. पाऊस झाला तर बाजरी, तूर आणि मागून ज्वारी. नाही झाला तर नुसता कोयता. तसा कोयता काही चुकत नाही. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन आम्ही नवरा-बायको कारखान्याच्या वाटेला लागतो, ते उन्हाळा तोंडावर आला की परत येतो.

माझा थोरला मुलगा लहानपणापासून चपळ. शेळी सुटली की कुत्र्याच्या आधी हा पोहोचायचा. २०१३ साल आठवते ना? मोठा दुष्काळ होता. जनावरे चारा छावणीवर आणि जनावरांपाशी मी. त्या साली जवळच्या एका गावी कोणाच्या तरी वाढदिवसानिमित्त दहा किलोमीटरची शर्यत ठेवली होती. थोरला तेव्हा चौदाव्या वर्षात होता. मोठ्या गड्यांबरोबर, पायांत काही नसताना, डांबरी रस्त्यावरून तो पळाला आणि तिसरा आला. दोन हजार रुपये मिळाले. रात्री छावणीवर येऊन त्याने ते माझ्या हातात ठेवले. त्या साली दोन हजारांची किंमत काय होती, ते तुम्हांला सांगायला नको.

तिथेच माझी मती फिरली. जिथे शर्यत तिथे मी त्याला घेऊन जाऊ लागलो. कुठे हजार रुपये, कुठे सायकल, कुठे नुसती ढाल. लोक म्हणत, “पोरगं जिल्ह्याचं नाव काढणार!” मला ते गोड लागे. सहा-सात महिन्यांनी त्याची नडगी दुखू लागली. आम्ही तेल चोळले, शेकले आणि पुढच्या शर्यतीला नेले. शेवटी पाय टेकवेना, तेव्हा नगरच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो काढला. हाडाला बारीक तडा होता.

डॉक्टरांनी विचारले, “रोज किती पळतो?”

मी छाती पुढे काढून सांगितले, “बारा-पंधरा किलोमीटर. डांबरीवर.”

“आणि खातो काय?”

यावर मला उत्तर सुचले नाही. आम्ही कोयत्यावर असलो की पोरे आजीजवळ असत. भाकरी आणि ठेचा, कधी कालवण. डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले की, या वयात हाडे अजून वाढत असतात, त्यांना काम हवे तसा विसावाही हवा. विसावा नाही मिळाला तर ती अशीच तडकतात.

पाय बरा झाला, पण पोरगा बुजला. एकोणिसाव्या वर्षी पोलीस भरतीला गेला. तिथे १६०० मीटर पळायचे होते. तिसऱ्या फेरीत नडगीत कळ आली की जुनी भीती आली, कोण जाणे. तो बाजूला झाला. घरी येऊन एक शब्द बोलला नाही. बूट धुतले, वाळवले आणि आढ्याला टांगून ठेवले. आज तो ट्रॅक्टर चालवतो, चार पैसे कमावतो, माझ्याशी नीट बोलतो. पण ते बूट मी अजून खाली काढलेले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याच तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा की! तोही गरिबाचाच, तो कसा पुढे गेला? वाचकहो, मीही हेच म्हणायचो. मग एकदा त्याची सगळी वाटचाल नीट समजून घेतली आणि माझे डोळे उघडले.

अविनाशचा जन्म १९९४ चा. आईवडिलांनी वीटभट्टीवर राबून दिवस काढले. शाळा लांब, सहा किलोमीटरवर. हा कधी चालत, कधी पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनचा बर्फ पाहिला, राजस्थानचे वाळवंट पाहिले. २०१५ च्या सुमारास तो सैन्यातल्या क्रॉस कंट्री शर्यतीत उतरला. ज्या शर्यतीने त्याचे नाव झाले ती स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटरची अडथळ्यांची धाव. वाटेत तीन फूट उंचीची आडवी लाकडे २८ वेळा ओलांडायची आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची. ही शर्यत तो सैन्यात प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली शिकला, तेव्हा त्याची विशी उलटून गेली होती.

पुढे काय झाले ते साऱ्या देशाने पाहिले. गोपाल सैनी यांनी १९८१ साली केलेला राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे कोणाला मोडता आला नव्हता, तो २०१८ साली भुवनेश्वरला आपल्या अविनाशने मोडला. राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाचेच धावपटू नेत होते. २०२२ साली बर्मिंगहॅमला अविनाशने रुपेरी पदक घेतले. सोने हुकले ते सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सोने आणले. २०२४ साली पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ दिली, तेव्हा तो तिशीला टेकला होता.

पाटोद्याच्या राहुल आवारेचेही तसेच. घरातच कुस्ती, वडील स्वतः पैलवान. लहानपणापासून तालमीची माती अंगाला लागली, पण राष्ट्रकुलचे सोने मिळाले २०१८ साली आणि जागतिक स्पर्धेतले कांस्यपदक २०१९ साली. म्हणजे सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी. मधली सारी वर्षे वस्तादाच्या नजरेखाली गेली.

आता हिशेब करा. आपल्या जिल्ह्याची ही दोन माणसे पंचविशीत आणि पंचविशीनंतर पिकली. आणि मी माझ्या पोराकडून चौदाव्या वर्षी पीक मागत होतो! शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वांत लांब धाव ६०० मीटरची ठेवलेली आहे. नियम करणाऱ्यांनी तो उगीच केलेला नाही. आपण मात्र त्याच वयाच्या लेकराला दहा किलोमीटर पळवतो आणि वर हार घालून फोटो काढतो.

पण सगळा दोष बापाच्या हव्यासाचा म्हणावा, तर तेही पुरते खरे नाही. खरी अडचण मधल्या वर्षांची आहे. बारा वर्षांच्या पोराला ढाल द्यायला गावात दहा जण पुढे येतात. अठरा वर्षांच्या पोराला सैन्य आहे, पोलीस भरती आहे. निवड झाली तर पोटभर अन्न आहे, मैदान आहे, शिकवणारा आहे. पण बारा ते अठरा या वर्षांत त्याचा वाली कोण? शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत मोजकीच मुले जातात. बाकीच्यांना मैदान नाही, वस्ताद नाही. त्यातून आपल्याकडे सहा महिने आईबाप उसाच्या फडात. पोर बरोबर नेले तर शाळाही सुटते आणि पळणेही. पहाटे मोळ्या वाहणाऱ्या लेकराने पळायचे कधी? मागे ठेवले तर ताटात काय पडते ते बघायला कोणी नाही. अशा वेळी शर्यतीचे बक्षीस हीच त्याची खुराक होते. मग ते पोर पळत सुटते, आणि विशीच्या आत थकते.

ही गोष्ट मला पुन्हा भोगावी लागणार होती. माझी धाकटी लेक आता तेरा वर्षांची आहे. तीही भावासारखीच पळते. गेल्या साली तालुक्याला ६०० मीटरमध्ये चौथी आली. गावात लगेच सुरू झाले. एकाने घरी येऊन सांगितले, “पुढच्या महिन्यात मॅरेथॉन हाय. मुलींत पळणाऱ्या लई थोड्या. पहिला नंबर धरूनच चला. पाच हजार हायेत.”

खरे सांगतो, पाच हजार ऐकून मन हलले. मी काही बोलणार तोच थोरला ओट्यावरून उठला. त्या पाहुण्याकडे न बघता मला म्हणाला, “आण्णा, हिला नका नेऊ. ती पळतीय तेवढं बास हाय.”

इतक्या वर्षांत त्याने मला या बाबतीत बोल लावला नव्हता. तोही बोल नव्हताच. पण मला वर मान करवेना. मी पाहुण्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितले.

त्यानंतर दसऱ्याला मुकादम आला. मागल्या वर्षी लेकीला आम्ही फडावर नेले होते, कारण आजीला आता एकटीला घर ओढवत नाही. या वेळी घरात दोन दिवस बोलणे झाले. लेकीला मागे ठेवायचे तर थोरल्याने गावातच राहावे, लांबचे भाडे धरू नये, असे ठरले. त्यात त्याचे नुकसान होते, पण तो आपणहून तयार झाला. शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय होती, तिथे तिचे जेवण लागले. आम्ही जाताना घरात हरभरा, गूळ, शेंगदाणे भरून ठेवले. गुरुजींनी सांगितले होते की वाढत्या मुलींच्या अंगात रक्त कमी पडते. पालेभाजी, कडधान्य आणि त्यावर लिंबू पिळून द्यावे, आणि शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात त्या चुकवू नयेत. थोरल्याने हे सारे पाळले. आठवड्यातून चार दिवस पळणे, तेही गायरानातल्या मऊ मातीवर. बाकीचे दिवस खेळ आणि विसावा. दुखले की थांबायचे. त्याने गावातल्या चार पोरांना घेऊन दगड वेचले, दोरी धरून दोनशे मीटरचा गोल आखला आणि वर चुना टाकला. खर्च झाला तो चुन्याचा. आता तिथे सकाळी नऊ-दहा पोरे असतात.

आम्ही परत आलो तेव्हा लेक बोटभर उंच झाली होती. मी विचारले, “काय गं, पहिली येणार का यंदा?” ती म्हणाली, “दादा म्हणतो, नंबर विचारू नको. मागच्या महिन्यापेक्षा किती सेकंद कमी झाले ते विचार.”

वाचकहो, ती पुढे काय होईल ते मला सांगता येणार नाही. कदाचित भरती होईल, कदाचित बारावी होऊन संसाराला लागेल. प्रत्येक पोर अविनाश होत नाही आणि व्हायलाही नको. पण अठराव्या वर्षी तिचे पाय धड असावेत आणि पळण्याची गोडी शिल्लक असावी, एवढे माझ्या हातात आहे. थोरल्याच्या वेळी तेवढेही मी राखले नाही.

तुमच्या घरी असे लेकरू असेल तर दोनच गोष्टी करा. शर्यतीचे आमंत्रण घेऊन कोणी आले तर आधी पोराचे वय सांगा आणि धाव किती लांब ते विचारा, बक्षीस नंतर. आणि गावात एखादे गायरान, एखादी पडीक जागा असेल तर ती चार माणसे मिळून सपाट करा. दावणीच्या गोऱ्ह्याला आपण जेवढे जपतो तेवढे पोटच्या पोराला जपले तरी पुष्कळ झाले.

परवा सकाळी मी गायरानाकडून येत होतो. थोरला गोलाच्या मध्ये उभा राहून मोबाइलवर वेळ मोजत होता. पोरे पळत होती. शेवटच्या पोराबरोबर तो स्वतःही अर्धा फेरा पळाला. पायांत जुन्या चपला होत्या. घरी आल्यावर मी शिडी लावली आणि आढ्याचे बूट खाली काढून ओट्यावर ठेवले. त्याने पाहिले, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते ओट्यावर नव्हते.