सावलीची कड

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जपानी ॲनिमेच्या धाटणीचं चित्र काढायचं ठरलं, की बरेच जण शेवटाकडून सुरुवात करतात. चित्र नेहमीसारखं रंगवायचं आणि मग त्यावर दाणे पेरायचे, रंग विटवायचे, आडव्या रेघा टाकायच्या. मला हे पटत नाही. तो विटकेपणा आणि त्या रेघा व्हिडिओ कॅसेटच्या, पुन्हापुन्हा चालवून झिजलेल्या टेपच्या आहेत. त्या काळचे मूळ सेल संग्राहकांनी जपून ठेवलेत, त्यांची चांगली स्कॅन पाहायला मिळतात. रंग कसे लख्ख आहेत बघा!

सेल म्हणजे पारदर्शक ॲसिटेटची पातळ शीट. कागदावरची पेन्सिलीची रेघ यंत्राने तिच्या दर्शनी बाजूवर उतरायची आणि रंग भरला जायचा मागच्या बाजूने. त्यामुळे समोरून ब्रशचा एकही फटकारा दिसत नाही, रंग सपाट आणि गुळगुळीत दिसतो. हजारो सेल हाताने रंगवायचे, म्हणजे गालावर उजेडातून सावलीत हळूहळू विरघळणारी छटा शक्यच नव्हती. त्वचेला एक उजेडाचा रंग, एक सावलीचा, फार तर तिसरा. दोन रंगांमधली हद्द चित्रकार मूळ कागदावरच रंगीत पेन्सिलीने आखून द्यायचा. सावली कुठे संपते, हे त्याला ठरवावंच लागायचं.

माझा सगळ्यात जास्त वेळ या हद्दीवर जातो. मऊ ब्रशला मी हात लावत नाही. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमधल्या लॅसोने सावलीचा आकार कापते आणि एका रंगाने भरते. कपाळावर बटांची सावली दातेरी पडते, पण प्रत्येक बटेला एक दात दिला की चेहरा करवतीसारखा दिसायला लागतो, म्हणून तीन बटांची मिळून एकच सावली करते. नाकाखाली छोटासा त्रिकोण. हनुवटीखाली मानेवर एकच मोठा तुकडा, त्याची खालची कड किंचित गोलसर. ती कड जरा वर सरकवली तर चित्रातली मुलगी मान वर करून बघतेय असं वाटतं, खाली आणली तर विचारात पडलेली. चेहऱ्याची एक रेघही न बदलता हे घडतं, आणि मला दर वेळी त्याचं तितकंच नवल वाटतं.

रंगांचंही तसंच. स्टुडिओत रंग बाटल्यांतून यायचे, ठरलेल्या क्रमांकांचे. ‘अकिरा’साठी (1988) 327 रंग वापरले गेले आणि त्यातले 50 खास त्या चित्रपटासाठी बनवले होते, असं सांगतात. चित्रपटातली रात्र पाहिली की एवढे रंग कशाला लागले ते कळतं. रात्रीच्या प्रसंगासाठी पात्राच्या कातडीचा, केसांचा, कपड्यांचा रंग वेगळा निवडला जायचा. आज आपण दिवसाच्या चित्रावर निळा मल्टिप्लाय लेयर चढवून मोकळे होतो, आणि सगळं गढूळ होतं. मी रेघ मारायच्या आधी दिवस, संध्याकाळ आणि रात्र असे तीन वेगळे पॅलेट बनवते. रात्रीच्या पॅलेटमध्ये ओठांचा रंग दिवसाच्या रंगाशेजारी ठेवून पाहिला तर चक्क राखाडी असतो.

धूसरपणा मी एकाच ठिकाणी येऊ देते, तो म्हणजे दिव्यांत. हेडलाइट, निऑनच्या पाट्या, तलवारीची चमक यांसाठी त्या काळी काळ्या कागदाला भोक पाडून खालून उजेड सोडत आणि त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करत. तो उजेड फिल्मवर खरोखर सांडायचा. त्यासाठी माझा वेगळा लेयर असतो.

पार्श्वभूमीचे नियम मात्र निराळे. ती पोस्टर कलरने कागदावर रंगवली जायची. ‘माय नेबर टोटोरो’मधली (1988) काझुओ ओगा यांची झाडं, ढग, शेताचे बांध पाहा: तिथे पाणी आहे, ब्रश आहे, एकात एक उतरलेले हिरवे आहेत. असल्या ओल्या जगासमोर सपाट रंगाची माणसं उभी राहतात, म्हणून ती इतकी ठळक दिसतात. दोन्ही एकाच ब्रशने रंगवली, तर ही मजा जाते.

हे जग आपल्याला परकं नव्हतंच. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर आलेलं ‘जंगल बुक’ निप्पॉन ॲनिमेशनचं होतं, 1989 मध्ये जपानात बनलेलं. युगो साको यांनी राम मोहन यांच्या साथीने केलेला रामायणावरचा चित्रपटही याच पद्धतीने हाताने रंगवलेला. मोगलीच्या खांद्यावरची सावलीची तुटक कड आमच्या पिढीने ॲनिमे हे नाव ऐकण्याआधीच डोळ्यांत साठवली होती.

जपानातही सेल आता थांबले. ‘साझाए-सान’ ही मालिका सर्वांत शेवटपर्यंत सेलवर टिकली, तीही 2013 मध्ये डिजिटल झाली. सध्या मी दिग्दर्शक ओसामु देझाकींच्या मालिकांमधली थिजलेली दृश्यं अभ्यासतेय. ऐन भावनेच्या क्षणी हालचाल थांबते आणि पात्रही पार्श्वभूमीसारखंच ब्रशने रंगवलेलं दिसतं, पेन्सिलीची खरखरीत रेघ तशीच ठेवून. इथे सावलीला कड नसते, म्हणून मला पुन्हा मऊ ब्रश हातात घ्यावा लागलाय. सपाट चित्रांच्या पूर्ण मालिकेत असं एकच चित्र ठेवायचं म्हटलं, तर ते नेमकं कुठे यावं, यावर सध्या माझं काम अडलंय.