आईला कोणता पिक्चर दाखवू?

14 एप्रिल जवळ आला की मोबाईलवर याद्या फिरायला लागतात. ‘प्रत्येक आंबेडकरी तरुणाने पाहिलेच पाहिजेत असे 10 सिनेमे.’ अशा याद्या मीही केल्या आहेत. ‘फॅन्ड्री’, ‘कोर्ट’, ‘जयभीम कॉम्रेड’, ‘जय भीम’, ‘परियेरुम पेरुमल’. यादी चांगलीच आहे, आजही त्यातलं एक नाव मी काढणार नाही. माझं भांडण त्या ‘पाहिलेच पाहिजेत’शी आहे. मास्तरनं गृहपाठ द्यावा तसे आपण मित्रांना सिनेमे देतो आणि त्यानं बघितला नाही की त्याच्या जाणिवेवर शंका घेतो. मी हे वर्षानुवर्षं केलं. त्याचीच गोष्ट सांगतो.

आम्ही पाच जण. कबनूरच्या एका चहाच्या गाड्यावर पाळी सुटल्यावर जमतो. इथून इचलकरंजी कुठे सुरू होते ते परक्या माणसाला कळत नाही, मागांचा खडखडाट दोन्हीकडे सारखाच. एक यंत्रमागावर जॉबर आहे, बिघडलेला माग चालू करून देणारा. एक सायझिंगमध्ये कामाला, मुसलमान, आमच्यात सगळ्यात वयस्क, त्याला सगळे चाचा म्हणतात. एक खासगी क्लास घेणारा मास्तर. एक मराठा, ऊसवाला, घरचे चार मागही आहेत. आणि मी, चळवळीतला.

आवडीचं म्हणाल तर पाच तोंडं पाच दिशेला. जॉबरला दाक्षिणात्य मारामारीचे डब केलेले पिक्चर. चाचाला दिलीपकुमार, नूतन, काळे-पांढरे. ऊसवाल्याला दादा कोंडके आणि अशोक सराफ; ‘सोंगाड्या’ त्याला संवादासकट पाठ. मास्तरला इराणी, कोरियन, ज्यात अर्धा तास कोणी बोलत नाही असलं काहीही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले, आठवड्याचा पगार थांबला. वेळ मात्र ढीगभर. तेव्हा नियम ठरला. आठवड्याला एकानं एक पिक्चर द्यायचा, बाकीच्यांनी पूर्ण बघायचा, आणि देणाऱ्यानं आधी भाषण द्यायचं नाही. शेवटचा नियम माझ्यासाठीच होता हे उघड आहे.

माझी पाळी आली तेव्हा मी ‘फॅन्ड्री’ दिला. 2014 साली तो पडद्यावर पाहिल्यापासून मी तो देतोच आहे. चौघांपैकी तिघांनी बघितला. जॉबरनं नाही. मी चिडलो. म्हटलं, रजनीकांतच्या उड्या बघायला वेळ आहे आणि नागराज मंजुळेंचा पिक्चर बघायला नाही? तो चहा ढवळत म्हणाला, “भावा, तू मला त्यो सहा वर्षं झालं सांगतोयस. त्यात काय हाय ते मला म्हाईत हाय. माझ्या बापाच्या मागनं पोरं डुकरागत वरडायची. तू बी असायचास.”

जॉबर कैकाडी समाजातला आहे. ‘फॅन्ड्री’ या शब्दाचा अर्थ मी दहा सभांत सांगितला, तो ज्याच्या घरच्या भाषेतला शब्द त्यालाच मी तो समजावत होतो. आणि ‘तू बी असायचास’ हे खरं होतं. आम्ही शाळेत जाताना वाटेत त्याचा बाप दिसला की मागून आवाज काढायचो. मी पुढे नसायचो, पण हसायचो. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता, दर पौर्णिमेला वंदना व्हायची, आणि कैकाड्यांच्या पोराच्या डब्यातलं मी खाल्लेलं मला आठवत नाही.

त्या पिक्चरमध्ये जब्या आणि त्याच्या घरचे मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेतात, मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. या दृश्यावर मी लेख लिहिलेत. भिंतीवरचे महापुरुष बघायचे आणि खाली चाललेली माणसं विसरायची, असं मी इतरांबद्दल लिहिलं होतं. जब्याचा शेवटचा दगड पडद्यावर येतो तेव्हा प्रेक्षकांतल्या सवर्णांना तो लागतो, असंही. आता त्या जागी कोण बसलं होतं ते जॉबरनं एका वाक्यात दाखवलं. त्याला हिशेब चुकता करायचा नव्हता. तो लगेच म्हणाला, “जाऊ दे मर्दा. माझा ‘काला’ बघितलास का तू?”

बघितला नव्हता. 2018 पासून तो सांगत होता. मला वाटायचं, मसाला पिक्चर, त्यात काय बघायचं. नियम म्हणून बसलो. धारावी, जमिनीचा प्रश्न, ‘भीमजी’ नावाचं पोरगं, विहार, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला स्वच्छतेच्या गोष्टी करणारा नाना पाटेकर, रामकथा उलटून रावणाच्या बाजूनं सांगितलेली, आणि शेवटी काळा, लाल, निळा रंग सगळ्या पडद्यावर. पा. रंजित यांनी रजनीकांतच्या तोंडून आपलं सगळं राजकारण बोलून घेतलं होतं. ते कळायला मला दोन वर्षं उशीर झाला, कारण ते सांगणारा माणूस मागाला तेल घालणारा होता, समीक्षक नव्हता. त्याच दिग्दर्शकाचा ‘कबाली’ (2016) सुरू होतो तेव्हा तुरुंगातल्या रजनीकांतच्या हातात वाय. बी. सत्यनारायण यांचं ‘माय फादर बालय्या’ असतं. जॉबरला त्या पुस्तकाचं नाव माहीत नव्हतं. पण कबाली कोट का घालतो, गांधींनी कपडे उतरवणं आणि आंबेडकरांनी कोट चढवणं यात काय राजकारण आहे, ते त्याला तोंडपाठ होतं.

मी ‘फॅन्ड्री’ त्याला परत सांगितला नाही. त्यानं तो अजून बघितलेला नाही. नको बघू दे.

इथे कोणी म्हणेल, चार मित्रांनी पिक्चर बदलून बघितले, यात एवढं काय? 1936 च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी आदर्श समाज कसा असेल ते सांगताना मांडलंय की माणसांचे एकमेकांच्या जगण्याशी अनेक आणि मोकळे संबंध हवेत, एकाचे अनुभव दुसऱ्यात झिरपायला हवेत, बंधुता म्हणजे तेच. जात नेमकी हे झिरपणं बंद करते. त्याच पुस्तकात त्यांनी हेही बजावलंय की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह आणि त्याच्याही मुळाशी धर्मशास्त्रावरची श्रद्धा मोडणं. म्हणून एकत्र पिक्चर बघितल्यानं जात जाते असं मी म्हणणार नाही. सहभोजनानं गेली नाही ती पिक्चरनं काय जाणार! माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. आपण झिरपू देण्याची गोष्ट करतो तेव्हा आपल्याला एकाच दिशेनं झिरपायला हवं असतं, आपल्याकडून त्यांच्याकडे.

ऊसवाल्याकडे येतो. त्याचा लाडका पिक्चर ‘सैराट’. 2016 च्या एप्रिलअखेर तो लागला आणि यानं महिन्याभरात चार वेळा बघितला. सगळ्यांना सांगत सुटला, मस्त हाय, बघाच. करमाळ्याचा तो परिसर, ती विहीर, आर्चीचा ट्रॅक्टर. मी मनात म्हणायचो, ह्याला ‘झिंगाट’ दिसतं, बाकी काही दिसत नाही. मग लॉकडाऊनमध्ये मास्तरच्या घरी आम्ही अंतर ठेवून तो परत बघायला बसलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आर्ची-पार्श्या हैदराबादेत संसाराला लागले, बाळ झालं, आणि हा उठला. म्हणाला, पाणी पिऊन येतो. आला तेव्हा पडदा संपला होता. चाचानं विचारलं, शेवट? तो म्हणाला, “एकदा बघितलाय. पुरे की.”

त्याची थोरली बहीण 2011 ला घरातून गेली. आपल्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं. दोघं पुण्याजवळ राहतात, नोकऱ्या करतात. रक्त सांडलं नाही, कोर्टकचेरी झाली नाही. घरानं फक्त तिचं नाव घेणं बंद केलं. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि गाड्यावर कधी कोणी काढलं नव्हतं. मीही नाही. ‘सैराट’वर बोलताना मी ‘सरंजामी मानसिकता’ वगैरे म्हणायचो आणि हा शेजारी बसून ऐकायचा. घरात तो एकटाच बहिणीला चोरून फोन करायचा, हे मला त्या दिवशी कळलं. चार वेळा तिकीट काढून तो अर्धा पिक्चर का बघायचा तेही. ज्या पिक्चरमध्ये बहीण सुखी आहे तेवढाच त्याला हवा होता. याच कथेचा 2018 ला हिंदीत ‘धडक’ निघाला आणि त्यातून जातच जवळजवळ पुसली गेली, त्यावर माझा राग होता नि आहे. पण निर्मात्यानं शेवट टाळणं वेगळं आणि भावानं टाळणं वेगळं.

आता जून 2023. सुलोचनाबाई लाटकर गेल्या. खडकलाटची ही बाई, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तयार झालेली; आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायकांना ती घरातलीच. ऊसवाल्याची आई दिवसभर टीव्हीसमोर बसून राहिली. ‘मराठा तितुका मेळवावा’तली जिजाऊ, ‘वहिनींच्या बांगड्या’, ‘मोलकरीण’. संध्याकाळी हा गाड्यावर आला आणि पहिल्यांदाच त्यानं पिक्चर द्यायच्या ऐवजी मागितला. म्हणाला, “आईला दाखवण्यासारखा एक सांगा. ताईचं तिला आठवंल असा. पर ओरडणारा नको.”

आम्ही सगळे गप्प. जॉबरनं हात वर केले, रजनीकांत इथे चालणार नाही. मास्तरनं एक इराणी नाव घेतलं आणि स्वतःच मागं घेतलं. मी ‘जय भीम’ म्हटलं. ऊसवाला म्हणाला, पोलीस मारतात ते बघून ती उठून जाईल. मग चाचा बोलला, “सुजाता.”

मी उसळलो. बिमल रॉय यांचा 1959 चा ‘सुजाता’ म्हणजे आपल्या सगळ्या टीकेचा नमुना. 1935 चा प्रभातचा ‘धर्मात्मा’ घ्या, 1936 चा ‘अछूत कन्या’ घ्या, 2019 चा ‘आर्टिकल 15’ घ्या. उद्धार करणारा वरचा, सोसणारी आपली. ‘अछूत कन्या’त कस्तुरी रेल्वेखाली जाते, ‘सुजाता’त ती नदीवर जीव द्यायला निघते आणि तिथे गांधींचा पुतळा. बाबासाहेबांचं नाव कुठे नाही. 1956 ला लाखो माणसांनी नागपुरात धम्म घेतला, त्यानंतर तीन वर्षांनी हा पिक्चर, आणि त्यातली मुलगी मान खाली घालून सोसते. शेवटी आजारी आईला रक्त देऊन ती माणसात येते. मी म्हटलं, आणि रक्तगट जुळला नसता तर? मग ती लेक ठरलीच नसती?

चाचानं सगळं ऐकून घेतलं. “तुझं बरोबर हाय,” तो म्हणाला. “पर तुला कोण दाखवतंय? त्याच्या आईला दाखवायचाय. त्यात आई कोण हाय सांग.”

‘सुजाता’त आई सुलोचनाबाई आहेत. ब्राह्मण इंजिनिअरच्या घरातली चारू. अनाथ अस्पृश्य पोर घरात वाढवते, प्रेमही करते, पण ओळख करून देताना कधी ‘लेक’ म्हणत नाही, ‘लेकीसारखी’ म्हणते. पुरा पिक्चर त्या एका ‘सारखी’वर उभा आहे. मला ते माहीत होतं. मी सुजाताकडेच बघत होतो, कारण आपलं माणूस तिथे होतं. चाचानं चारूकडे बघितलं, कारण बदलायचं ते तिला होतं. माझी टीका मी आजही मागे घेत नाही. तो पिक्चर आपल्या पोरींना प्रेरणा म्हणून दाखवायचा नाही, हे माझं मत कायम आहे. पण त्या संध्याकाळी मी पिक्चर निवडायला बसलो असतो तर मी निवडला असता स्वतःला पटणारा, आणि ती माउली मधेच उठून गेली असती.

ऊसवाल्यानं मोबाईल टीव्हीला जोडून आईला लावून दिला. चार दिवस आम्ही विचारलं नाही. मग त्यानंच सांगितलं. आई शेवटपर्यंत बसली. ललिता पवार जातीवर बोलायला लागली की पुटपुटायची. पिक्चर संपल्यावर काही बोलली नाही, भाकऱ्या थापायला गेली. चुलीपाशी मधेच म्हणाली, “एवढी शहाणी बाई, आणि तोंडातनं ‘लेक’ म्हणून एक शब्द फुटंना.” हा तिथेच उभा होता. म्हणाला, “आई, आपल्यात बी...” तिनं पुढचं बोलू दिलं नाही.

त्याच्यानंतर आठवड्यानं दुपारी जेवताना तिनं त्याच्याकडे न बघता विचारलं, “पोरगं कितवीला हाय रं आता?” नाव नाही, कोणाचं पोरगं तेही नाही.

“चौथीला,” तो म्हणाला.

“बरं,” म्हणाली, आणि त्याला आमटी वाढली.

ताई अजून कबनूरला आलेली नाही. बाप आहे, भावकी आहे, आणि आमच्या बाजूच्या घरातही सगळं सोपं आहे असं नाही. तिच्या सासूनंही पहिली दोन वर्षं तिच्या हातचा चहा घेताना कुरकुर केली होती, ‘मराठ्याची पोर, टिकतीय का बघू’ म्हणून. इथून जवळच माणगाव. आमच्याच हातकणंगले तालुक्यात 1920 च्या मार्चमध्ये शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या बाजूला उभं राहून तुम्हाला तुमचा नेता मिळाला असं सांगितलं, ते गाव. आम्ही दरवर्षी तिथे जातो. या वर्षी ऊसवाला म्हणाला, मीही येतो. कशासाठी ते मी विचारलं नाही.

परवा गाड्यावर पाळी कोणाची यावरून वाद झाला. पाळी ऊसवाल्याची निघाली. तो म्हणाला, माझी सोडा, आई विचारत्या सुलोचनाबाईचा आणखी कुठला हाय का. चाचा बोटं मोजायला लागला. जॉबर म्हणाला, मर्दा, आता आम्ही बी बघायचा काय त्यो? नियम म्हणजे नियम, मी म्हटलं.