नाव गाड्यावर

‘कधी गाड्यावर नाव, तर कधी नावेवर गाडा’ ही म्हण आपण शाळेत वहीत उतरवून घेतो आणि विसरून जातो. मला ती गेल्या मे महिन्यात पोलादपूरला, भर दुपारी रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलेले असताना आठवली. नाव गाड्यावर होती हे खरे. पण गाडा पुढे जायला तयार नव्हता!

हे प्रकरण मुळापासून सांगायला हवे. माझे मेहुणे महाडचे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा ताई, भाऊजी आणि भाऊजींच्या वृद्ध आई रात्रभर माडीवर बसून होती. कंदिलाच्या उजेडात ताई जिन्याच्या पायऱ्या मोजत होती. पाण्याने आठवी गिळली, नववी गिळली, असे करत ते अकरावीवर थांबले. रस्त्यांवर पाणी आणि दरडी. मदत यायची तरी कुठून? त्याच संध्याकाळी तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला होता, हे महाडला दुसऱ्या दिवशी कळले. तेव्हापासून भाऊजींनी एकच धोशा लावला, की आपल्या आळीची स्वतःची होडी हवी. ताईचा या खर्चाला विरोध. पण आळीतल्या चार घरांनी वर्गणी काढली, आणि दापोलीला एक वापरलेली फायबरची होडी, तिच्या दोनचाकी ट्रेलरसकट, सापडली.

ती आणायला सोबत म्हणून मी गेलो. विकणारा गृहस्थ मोठा अगत्यशील. त्याने सकाळीच होडी जीपला जोडून हर्णैला नेली, ट्रेलर चाके बुडेपर्यंत थेट समुद्रात ढकलला, आणि होडी अलगद तरंगली. एक थेंब पाणी आत नाही! भाऊजी खूश. “कालच चाकांत ग्रीस भरलंय,” गृहस्थ म्हणाला, “मावेल तेवढं.” आम्ही त्याचे आभार मानले, पैसे मोजले आणि निघालो.

खेडनंतर कशेडी. तिथे आता बोगदा झाला आहे, परंतु भाऊजींना जुना घाटच आवडतो. वळणावळणाला करवंदाच्या जाळ्या, पाचोळा झालेले जंगल, आणि मागे आरशात आमची होडी डुलत येते आहे, असा तो थाट होता. समोरून येणाऱ्या ट्रकांचे ड्रायव्हर हात हलवत होते. घाट उतरून पोलादपूरला चहासाठी थांबलो, आणि हॉटेलातला पोऱ्या म्हणाला, “काका, तुमचं चाक ओकतंय.”

खरोखरच ओकत होते. उजव्या चाकाच्या आतल्या बाजूने ताकासारखा पांढरट चिकट द्रव बाहेर येऊन रिमभर उडाला होता. हात लावला तर चटका बसला.

एस.टी. स्टँडपासून थोड्या अंतरावर एक मिस्त्री भेटले. साठीच्या पुढचे, चष्म्याला दोरी बांधलेले. त्यांनी चाकांना दगडाची ओट लावली, जॅक चढवला आणि चाक हाताने फिरवले. आतून जात्यासारखी घरघर ऐकू आली. मग मध्यावरची टोपी काढून बोटावर ग्रीस घेतले आणि भाऊजींच्या नाकासमोर धरले.

“हे ग्रीस नव्हे साहेब, हे समुद्राचं पाणी. सकाळी पाण्यात घातला होता ना गाडा?”

“घातला होता.”

“चालवत आणून लगेच?”

भाऊजी माझ्याकडे पाहू लागले.

मिस्त्रींनी समजावले ते इतके सोपे होते, की आपल्याला आधी का सुचले नाही याची लाज वाटावी. चाक धावले की त्याचा हब तापतो, आतली हवा फुगते. तसाच तो गार पाण्यात बुडवला, की ती हवा एकदम आक्रसते आणि आत ओढ निर्माण होते. मागच्या बाजूचे रबरी सील जरा जरी झिजलेले असेल, तरी त्या फटीतून पाणी आत खेचले जाते. खारे पाणी ग्रीसमध्ये घुसळले जाते, बेअरिंगवर गंज धरतो, आणि पुढच्या पन्नास-साठ किलोमीटरांत सगळा काला बाहेर पडतो. बरे, सील झिजले कशाने म्हणावे, तर ते झिजलेले नव्हतेच. पंपाने ‘मावेल तेवढे’ ग्रीस कोंबल्यामुळे ते जागेवरून बाहेर ढकलले गेले होते! अगत्य कुठे नडेल याचा नेम नाही.

“आमच्या बापाच्या बैलगाडीला हे लचांड नव्हतं,” मिस्त्री म्हणाले. “तुंबा लाकडाचा, आस लोखंडाचा, वंगणाचा नळा गाडीखाली टांगलेला. कुरकुरलं की बोट बुडवायचं.”

पण आमच्या गाड्याला बोट बुडवून भागणार नव्हते. सीलवरचा आकडा कागदावर लिहून त्यांनी मुलाला मोटारसायकलवर महाडला पिटाळले. जाऊन-येऊन दोन तास तरी सहज.

त्या दोन तासांत पोलादपूर पाहिले म्हणायला हरकत नाही. एरवी प्रवासी या गावाला ओळखतो तो फाटा म्हणून; इकडे आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, तिकडे कशेडीने तळकोकण. पण ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी इथे आहे, आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ जवळच. समाधीजवळच्या सावलीत बसलो होतो. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री इथून खाली महाडकडे जाते आणि बाणकोटला समुद्रात शिरते. एके काळी मुंबईचे लोक याच खाडीने गलबतातून येत आणि पारघाटाने महाबळेश्वर चढत. नदी मे महिन्यात अशी काही अंग चोरून वाहत होती, की हिनेच अकरा पायऱ्या गिळल्या, हे पटू नये.

मुलगा सील आणि नवे बेअरिंग घेऊन आला. मिस्त्रींनी दोन्ही चाके उघडली. डावे अजून ओकले नव्हते, पण आत तेच ताक. सगळे भाग रॉकेलने धुतले. आसावर सील बसते ती जागा गंजून खरखरीत झाली होती. ती पॉलिश पेपरने काचेसारखी केली. “ही खरखर ठेवली, तर नवं सील महिन्यात कापलं जाईल.” मग ग्रीस तळहातावर घेऊन ते बेअरिंगच्या रुळांत एका कडेने दाबत राहिले, दुसऱ्या कडेने वर येईपर्यंत. हबमध्ये मात्र मुद्दाम रिकामी जागा ठेवली. नट चाक फिरवत घट्ट आवळला, पुन्हा किंचित सैल केला आणि नवी पिन घातली. आता चाक फिरले ते आवाज न करता.

“पाच मैलांवर थांबा, हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववेना, तर पुढं जाऊ नका. आणि पाण्यात घालण्याआधी अर्धा तास सावलीत उभी करा. तेवढा धीर धरा.”

पैसे त्यांनी सांगितले, त्यापेक्षा आम्हीच थोडे जास्त दिले.

सांगितल्याप्रमाणे थांबलो, हब कोमट होता. पुढे महाडजवळ सावित्रीवरचा नवा पूल आला. १९२८ साली बांधलेला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. नंतर कित्येक दिवस होड्या या पात्रात शोध घेत फिरत होत्या. नवा पूल पुढच्याच वर्षी झाला. भाऊजींनी पुलावर गाडीचा वेग कमी केला, पण ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

पुढच्या रविवारी भरतीची वेळ पाहून होडी दासगावच्या खाडीवर नेली. अर्धा तास चाके सावलीत. आळीतली पोरे कुरकुरू लागली, पण भाऊजी घड्याळाकडे बोट दाखवून बसून राहिले. मग ट्रेलर पाण्यात गेला, होडी सुटली. परतल्यावर चाके ओल्या फडक्याने पुसली. रिम कोरडी ठणठणीत.

ताई आली होती, पण इतका वेळ लांब उभी होती. आता जवळ येऊन तिने होडीच्या काठावर हात ठेवला.

“हिच्यात माणसं किती बसतात हो?”

“सहा,” भाऊजी म्हणाले. “अडचण करून सात.”

ताई बोटांवर आळीतली म्हातारी माणसे मोजू लागली.